एरंडाच्या गुऱ्हाळातला जर्दाळू

साबण, अत्तर आणि बॉडीवॉश यांना येणारा जर्दाळूचा वास फळातून येत नाही. तो जिथून येतो, ती वाट एरंड आणि गवती चहाच्या शेतातून जाते. आणि 'नैसर्गिक ते निर्धोक' या समजुतीची त्या वाटेवर चांगलीच परीक्षा होते.

मरोळचा पत्ता नाकानेही सापडतो. पावसाळ्याच्या तोंडावर इथल्या सुक्या मासळीच्या बाजारात बोंबील, जवळा, सोडे यांची बेगमी करायला आलेल्यांची गर्दी असते आणि तो वास बराच वेळ पाठ सोडत नाही. पुढे बेकरीतला ताजा पाव, एमआयडीसीच्या गल्ल्यांतले तापलेले यंत्रतेल, अत्तराच्या दुकानातला ऊद आणि गुलाब. तेथून मरोळ नाक्यावर मेट्रोच्या थंड डब्यात शिरावे, तर शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी खांद्यावरून एक गोडसर, मऊ, पिकल्या फळासारखा वास येतो. पीच म्हणावे तर पीच, जर्दाळू म्हणावे तर जर्दाळू. तो ज्या बाटलीतून आला, तिच्यावर केशरी फळाचे चित्र असते आणि खाली लिहिलेले असते, 'ॲप्रिकॉट'.

त्या बाटलीत जर्दाळू किती? वासापुरते बोलायचे तर बहुधा शून्य. यात फसवणूक आहे असे लगेच समजायचे कारण नाही. जर्दाळूच्या गरातून अत्तर काढताच येत नाही, ही रसायनशास्त्राची अडचण आहे.

फळ भट्टीवर चढत नाही

गुलाब, केवडा, वाळा यांचे अत्तर काढायची रीत जुनी आहे. फुले किंवा मुळ्या पाण्यात घालून उकळायच्या, वाफ थंड करायची आणि वर तरंगणारे किंवा चंदनतेलात उतरलेले सुगंधी तेल वेगळे करायचे. जर्दाळूला ही रीत चालत नाही. ताज्या जर्दाळूत ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि वास देणारे रेणू इतके थोडे असतात की एक किलो फळात त्यांचे माप मिलिग्रॅममध्ये करावे लागते. शिवाय उष्णता लागली की ताज्या फळाचा वास जातो आणि मुरांब्याचा येतो.

जर्दाळूपासून तेल निघते, पण ते बियांचे. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिले म्हणजे बियांतला गर थंड दाबून काढलेले साधे खाद्यतेलासारखे तेल. ते त्वचेला लावायच्या क्रीममध्ये वापरतात. त्याला फळाचा वास जवळजवळ नसतोच. दुसरे म्हणजे कडू बियांचा गर भिजवून, मग वाफेवर काढलेले सुगंधी तेल. ते मात्र घमघमते, पण जर्दाळूसारखे नव्हे, बदामासारखे. 'कडू बदामाचे तेल' म्हणून जगभर विकले जाणारे नैसर्गिक तेल बऱ्याच प्रमाणात जर्दाळूच्याच बियांचे असते. म्हणजे जर्दाळूतून निघणारे खरे सुगंधी तेल बदामाचा वास देते, आणि जर्दाळूचा वास देणारे द्रव्य दुसऱ्याच झाडातून येते. या बदामी तेलात एक विषही असते. त्याकडे पुढे येऊ.

पिवळ्याजर्द रंगाचा वास

'जर्दाळू' हा शब्द फारसीतून आला. 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखारसारखे फळ. मराठीत आपण 'पिवळाजर्द' म्हणतो, तो हाच जर्द. गंमत अशी की या फळाच्या रंगाचा त्याच्या वासाशी सरळ संबंध आहे. जर्दाळूचा रंग कॅरोटीनमुळे येतो. गाजराचा येतो त्याच कुळातल्या रंगद्रव्यामुळे. फळ पिकताना काही विकरे कॅरोटीनचा लांब रेणू तोडतात आणि त्यातून एक छोटा, हवेत उडणारा तुकडा सुटतो. त्याचे नाव बीटा-आयोनोन. जांभळ्या व्हायोलेट फुलांची आठवण करून देणारा, मखमली म्हणावा असा त्याचा वास आहे. रंग तुटला की गंध सुटतो, असा हा प्रकार.

दुसरा मोठा वाटा लॅक्टोन नावाच्या कुळाचा. लॅक्टोन म्हणजे तेलातल्या आम्लासारख्या साखळीने मागे वळून स्वतःलाच मारलेली गाठ; एक कडे तयार होते आणि उरलेली साखळी शेपटासारखी बाहेर राहते. एकूण कार्बन अणू किती, यावर वास बदलतो. या कुळातले ९ कार्बनचे लॅक्टोन खोबऱ्यासारखे, १० कार्बनचे जर्दाळू आणि पीचसारखे, तर ११ कार्बनचे थेट पीचकडे झुकणारे. लोणी कढवताना घरभर पसरणाऱ्या वासातही लॅक्टोनांचा हात असतो. जर्दाळूच्या वासात जो साईसारखा स्निग्धपणा जाणवतो, तो १० कार्बनवाल्या गॅमा-डेकालॅक्टोनचा.

ज्यांनी ताजा जर्दाळू कधी हुंगलाच नाही, त्यांनाही हे कूळ परके नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) विद्या गुप्ता आणि अशोक गिरी यांच्या गटाने हापूस आंब्याच्या वासाचा अनेक वर्षे अभ्यास केला. कैरीपासून पिकल्या फळापर्यंत वासाचे रेणू कसे बदलतात, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने मोजले. कच्च्या कैरीत झाडपाल्यासारखा वास देणाऱ्या टर्पीन वर्गाचे राज्य असते. फळ आढीत पिकू लागले की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही गोड वासाची कुळे पुढे येतात. मे महिन्यात पेंढ्यातल्या आढीवरचे पोते उचलताच जो वास अंगावर येतो, त्यात जर्दाळूचे हे भाऊबंद असतात. म्हणूनच ॲप्रिकॉटचा साबण हुंगून एखाद्या कोकणी माणसाला आंबा आठवला, तर त्याचे नाक चुकलेले नाही.

एरंडातून गोडवा

आता कारखान्याकडे. मराठीत निष्फळ, लांबलचक बोलण्याला 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतात. एरंडाचे दांडे उसासारखे चरकात घातले तर रस निघणार नाही, हे सांगणारा तो वाक्प्रचार. पण सूक्ष्मजीवांच्या गुऱ्हाळात एरंडातून जर्दाळू निघतो.

एरंडेल तेलाचा ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. इतर कोणत्याही नेहमीच्या खाद्यतेलात हे आम्ल असे भरभरून सापडत नाही. त्याची साखळी १८ कार्बनची. यारोविया लिपोलिटिका नावाचे एक यीस्ट आहे. त्याला तेल खायला आवडते. ते या साखळीचे दर खेपेला दोन कार्बन खुडून टाकते. १८ चे १६, मग १४, मग १२, मग १०. दहावर आले की उरलेला तुकडा सहज वळून स्वतःला गाठ मारतो, आणि तयार होते गॅमा-डेकालॅक्टोन, म्हणजे जर्दाळूच्या वासाचा गाभा. यीस्टला मोकळे सोडले तर ते दहावर थांबत नाही, पुढेही खात सुटते. त्याला योग्य वेळी अडवणे हेच या उद्योगातले कसब. ही पद्धत रुळण्यापूर्वी नैसर्गिक गॅमा-डेकालॅक्टोन किलोला हजारो डॉलर मोजून घ्यावे लागे. यीस्टने ते आवाक्यात आणले.

जगातले बहुतांश एरंड भारतात पिकते आणि त्यातलेही बहुतेक गुजरातेत. लहानपणी नाक दाबून, वर साखरेची चिमूट घेऊन जे एरंडेल घशाखाली ढकलले, त्याच तेलापासून पुढे युरोपातल्या महागड्या बाटलीतला फळांचा सुवास निघतो, हे त्या पिढीला सांगूनही पटणार नाही.

एरंडाचे हे नाते यीस्टच्याही आधीचे आहे. एरंडेल खूप तापवले की त्याचे तुकडे होतात. त्यातला एक म्हणजे ११ कार्बनचे अनडिसिलेनिक आम्ल. त्यावर तीव्र आम्लाची प्रक्रिया केली की गॅमा-अनडेकालॅक्टोन मिळते. १९०८ मध्ये जुकॉव्ह आणि शेस्ताकॉव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रथम तयार केले. सुगंधाच्या व्यापारात त्याचे नाव पडले 'अल्डिहाइड सी-१४'. प्रत्यक्षात ते अल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनही १४ नाहीत, ११ आहेत. पण नाव चिकटले ते आजतागायत. १९१९ मध्ये फ्रान्सच्या जाक गेर्लां यांनी 'मित्सुको' या अत्तरात ते वापरले आणि ओल्या रानासारख्या गंभीर वासात पिकलेल्या पीचचा गोडवा आणला. अत्तरातले फळ तेव्हापासून प्रतिष्ठित झाले.

गवती चहाचा वाटा

बीटा-आयोनोनची गोष्टही घराच्या परसदारी पोहोचते. १८९३ मध्ये जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि पॉल क्रूगर व्हायोलेट फुलांच्या वासामागे लागले होते. गवती चहाच्या तेलात सिट्राल नावाचे द्रव्य असते. पुष्कळदा ७० ते ८० टक्के. या सिट्रालची ॲसिटोनशी प्रक्रिया करून त्यांनी आयोनोन बनवले. त्या काळी युरोपला गवती चहाचे तेल पुरवणारा मोठा पुरवठादार म्हणजे केरळचा किनारा. बाजारात ते कोचीनच्याच नावाने ओळखले जाई. पुढे याच बीटा-आयोनोनपासून कारखान्यात 'अ' जीवनसत्त्व बनवण्याची रीत निघाली. कॅरोटीन तुटून गंध होतो आणि गंधाच्या रेणूपासून पुन्हा कॅरोटीनचे भावंड असलेले जीवनसत्त्व होते, असे हे वर्तुळ आहे. आज सिट्राल मुख्यतः खनिज तेलापासून येते, पण वाट तीच आहे.

आयोनोनच्या कुळामुळे काही फुलांनाही जर्दाळूची छटा असते. चीनमध्ये चहात घालतात ते ओस्मान्थस हे फूल यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचा अर्क अत्तरात जर्दाळूचा नैसर्गिक भास देतो. आपल्याकडे वसईच्या पट्ट्यातून दादरच्या फुलबाजारात येणारा सोनचाफा घ्यावा. त्याच्याही वासात आयोनोनची नातलग द्रव्ये आहेत. परदेशी सुगंधतज्ज्ञ चाफ्याच्या अर्काचे वर्णन करताना चहा आणि जर्दाळू हे दोन शब्द वापरतात. गजरेवालीच्या टोपलीतला सोनचाफा एकदा डोळे मिटून, फूल आहे हे विसरून हुंगावा. त्यात एक फळ लपलेले सापडेल.

नाकाचे शिक्षण

या द्रव्यांतून वास रचण्याचा व्यवसाय मुंबईच्या उपनगरांतच आहे. मरोळहून साकीनाका, पवई करत पूर्वेला निघाले की मुलुंड लागते. १९२२ मध्ये सुरू झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीचे नाव मुलुंडशी जोडलेले आहे. साबण, उदबत्ती, पावडर आणि खाद्यपदार्थ यांना लागणारे सुगंध मराठी माणसांनी उभ्या केलेल्या या कंपनीने पिढ्यान्पिढ्या पुरवले. मुलुंडच्याच केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या विनायक गणेश वझे महाविद्यालयाने सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांची पदव्युत्तर पदविका सुरू केली. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही (आयसीटी) सुगंध आणि स्वाद हा शिकण्याचा विषय आहे.

या विद्येत नाकाला आधी पाठांतर करावे लागते. कागदाच्या अरुंद पट्ट्या द्रव्यात बुडवून हुंगायच्या. लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी. मग जोडणी. जर्दाळू उभा करायचा तर गाभ्याला गॅमा-डेकालॅक्टोन, मखमलीसाठी बीटा-आयोनोन, ताजेपणासाठी लिनालूल, सालीचा हिरवटपणा आणायला कापलेल्या गवताचा वास देणारे द्रव्य, आणि बी असल्याचा भास व्हावा म्हणून बदामी वासाच्या बेंझाल्डिहाइडचा अगदी पुसटसा अंश. प्रमाण बिघडले की फळाचा मुरांबा होतो. लॅक्टोन वाढले तर बाटलीतून चक्क तुपकट वास येतो. शिवाय द्रव्य कशात घालायचे, याचाही हिशेब असतो. साबण अल्कधर्मी असल्याने त्यात लॅक्टोनचे कडे उघडून वास बदलू शकतो. तोच जर्दाळू अत्तरात टिकतो, पण साबणात कोलमडतो.

अत्तरात वरचे वास मिनिटांत उडतात. लिंबू, संत्रे त्या जातीचे. जर्दाळूचे लॅक्टोन जड असल्याने तासन्‌तास रेंगाळतात. सकाळी लावलेला सुगंध संध्याकाळी मेट्रोतल्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो, तो त्यांच्यामुळेच.

प्रत्येकाचा जर्दाळू वेगळा

एवढे करूनही तो वास सर्वांना सारखा येत नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल मिळाले. एकेक रेणू अनेक ग्राहकांना कमी-जास्त चेतवतो आणि त्या संचावरून मेंदू वास ओळखतो. बीटा-आयोनोनच्या बाबतीत मात्र बराचसा निकाल एकाच जनुकावर लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की ओआर५ए१ या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने माणसांचे दोन गट पडतात. एका गटाला अत्यल्प आयोनोनही फुलासारखे सुवासिक लागते. दुसऱ्याला ते येतच नाही, आणि प्रमाण वाढवले तर आंबट, व्हिनेगरसारखे वाटते. नवरा-बायकोत एकाच बाटलीवरून 'छान आहे' आणि 'डोके दुखते' असा वाद झाला, तर दोघेही खरे असू शकतात.

वास गेला तर फळाचे काय उरते, याचा अनुभव करोनाने लाखोंना दिला. मरोळला त्या दिवसांची आठवण आहेच. मरोळ-मरोशी रस्त्यावरचे सेव्हन हिल्स रुग्णालय २०२० मध्ये महापालिकेने कोविड रुग्णांसाठी चालवले. अनेक रुग्णांना ताप उतरल्यावरही दिवसेंदिवस वास येत नसे. विषाणू प्रामुख्याने गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, असे पुढे आढळले. अशा अवस्थेत जर्दाळू तोंडात टाकला तर जिभेला फक्त गोड आणि आंबट कळते. तो जर्दाळू आहे हे सांगायला घशामागून नाकात चढणारा वास लागतो. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. ज्यांचा रेंगाळला, त्यांना गंधाचा सराव सुचवला गेला. जर्मनीच्या ड्रेसडेनमधील थॉमस हुमेल यांच्या गटाने करोनाच्या कितीतरी आधी, २००९ मध्ये, ही रीत मांडली होती. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. अशा सरावाने काही रुग्णांची घ्राणशक्ती सुधारल्याचे दिसले. खर्च नगण्य, अपाय जवळजवळ नाही. मात्र वास अचानक गेला, एकाच नाकपुडीचा गेला किंवा महिनाभरात परतला नाही, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

विष बीमध्ये

आता त्या बदामी तेलाकडे. कडू जर्दाळूच्या बीतल्या गरात ॲमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते. गर चावला किंवा भिजवून ठेचला, की विकराच्या क्रियेने त्याचे तुकडे होतात. एक साखर, दुसरा बदामी वासाचे बेंझाल्डिहाइड आणि तिसरा हायड्रोजन सायनाइड. सुगंध आणि विष एकाच रेणूतून, एकाच क्षणी सुटतात. म्हणूनच या तेलातले सायनाइड काढून टाकल्याशिवाय ते खाण्यात वा प्रसाधनात वापरता येत नाही.

हे केवळ कारखान्यापुरते नाही. जर्दाळू खाऊन झाला की मुले बी फोडून आतला 'बदाम' खातात. सुक्या जर्दाळूच्या पुष्कळ जातींची बी गोड असते आणि तिच्यात ॲमिग्डॅलिन फार कमी असते. लडाखच्या जीआय मिळालेल्या 'रक्तसे कार्पो' जर्दाळूची बीही गोड. पण सगळ्या जाती तशा नसतात, आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये हिशेब मांडला. एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे २० मायक्रोग्रॅमहून अधिक सायनाइड जाऊ नये. या हिशेबाने प्रौढ माणसाने तीनहून अधिक लहान कच्चे गर किंवा एका मोठ्या गराचा अर्धा भाग खाल्ला, तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलाला एक छोटा गरही घातक ठरू शकतो.

तरीही 'व्हिटॅमिन बी-१७' या नावाने कडू बिया कर्करोगावरचे नैसर्गिक औषध म्हणून विकल्या जातात. या नावाचे कोणतेही जीवनसत्त्व नाही. ॲमिग्डॅलिनपासून बनवलेले लेट्राइल हे औषध १९७० च्या दशकात अमेरिकेत फार गाजले. अखेर त्याची रीतसर चाचणी झाली. मेयो क्लिनिकच्या चार्ल्स मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये १७८ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग बरा झाला नाही, आयुष्य वाढले नाही, आणि काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोहोचले. उपचाराची खरी वेळ या बियांच्या नादात निघून जाते, हे नुकसान वेगळेच.

इथे तुलना करून पाहावी. झाडावर पिकलेली कडू बी शंभर टक्के नैसर्गिक आणि विषारी. एरंडाची बीही नैसर्गिक, आणि तिच्यात रिसिन हे जबर विष. त्याच एरंडाच्या तेलातून आलेला जर्दाळूचा वास मात्र त्वचेवर आणि दह्यातही नेहमीच्या प्रमाणात निर्धोक मानला जातो. यीस्टने बनवलेले गॅमा-डेकालॅक्टोन अनेक देशांच्या नियमांत 'नैसर्गिक' ठरते आणि खनिज तेलापासून बनवलेले 'कृत्रिम' किंवा 'निसर्गसमान'. अणूंची जोडणी दोन्हींत तीच. फरक एवढाच की फळ आणि यीस्ट मुख्यतः एकाच हाताचा रेणू घडवतात, तर रासायनिक पद्धतीत डावा आणि उजवा सारखेच तयार होतात. शरीराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते द्रव्य कोणते आणि किती. ते शेतातून आले की कारखान्यातून, हे नव्हे.

बाटली हातात घेताना

याचा अर्थ सुगंध सर्वांना निर्धोक असतो असाही नाही. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार सामान्य लोकसंख्येतल्या १ ते ३ टक्के लोकांना सुगंधी द्रव्यांची त्वचेची ॲलर्जी असते. जर्दाळूच्या जोडणीतले लिनालूल हे त्याचे चांगले उदाहरण. ताजे असताना ते फारसे त्रास देत नाही, पण हवा लागून त्याचे ऑक्सिडीकरण झाले की ॲलर्जी करू शकते. लॅव्हेंडरच्या 'शुद्ध नैसर्गिक' तेलातही तेच लिनालूल भरपूर असते. झाकण उघडे राहिलेली, वर्षानुवर्षे उन्हात ठेवलेली बाटली वापरू नये, ती यासाठी.

नवे सुगंधी क्रीम चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहावे. लाली, खाज, पुरळ उठले तर वापर थांबवावा. त्रास वारंवार होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून नेमके द्रव्य शोधू शकतात. ज्यांची त्वचा नाजूक आहे किंवा ज्यांना इसब आहे, त्यांनी 'फ्रॅग्रन्स-फ्री' असे लिहिलेले घ्यावे. 'अनसेंटेड' लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. तीव्र सुगंधाने दम्याच्या काही रुग्णांची धाप वाढते. लिफ्टमध्ये, मेट्रोत शिरण्याआधी फवारा मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. आणि फळाच्या वासाचे सॅनिटायझर, फरशीचे द्रव लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. त्यांना तो खाऊ वाटतो.

दम्याच्या रुग्णांनी खऱ्या जर्दाळूबाबतही एक गोष्ट पाहावी. चकचकीत केशरी सुका जर्दाळू बहुधा गंधकाच्या धुरीने, म्हणजे सल्फर डायऑक्साइडने, तसा राखलेला असतो. धुरी न दिलेला सुकताना तपकिरी पडतो. सल्फाइटने काहींना धाप लागते. त्यांच्यासाठी दिसायला मळकट असलेला जर्दाळू अधिक सोयीचा.

मेट्रोत शेजारून आलेला वास नाकाला रेणूची ओळख बरोबर सांगतो. तो झाडावरचा की पिंपातला, हे नाकाला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. जीभ मात्र एक उपयोगाची खूण देते. घरी आणलेल्या जर्दाळूची बी फोडून कुणी गर तोंडात टाकलाच आणि तो कडू लागला, तर तो गिळायचा नाही. थुंकून टाकायचा, तोंड धुवायचे आणि उरलेल्या बिया मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा टाकून द्यायच्या.